मांजराची मेणबत्ती

बाईंच्या तोंडून ते निघून गेलं तेव्हा बस सिग्नलला उभी होती, त्यामुळे इंजिनाच्या घरघरीत ते दडपून टाकायचीही सोय राहिली नाही. "अजून, अजून, अजून, सोडू नकोस, शाब्बास!" असं त्या चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, आणि कुणाला, तर समोरच्या बाकावर त्यांच्याकडे तोंड करून बसलेल्या एका टायवाल्या गृहस्थांना. त्या गृहस्थांचा गुन्हा इतकाच की ते कागदी पेल्यातल्या गरम कॉफीवर फुंकर घालत होते. पण माणूस आज्ञाधारक निघाला. दचकून त्यांनी खरोखरच अजून फुंकलं, गाल फुगवून, डोळे मोठे करून, जीव खाऊन फुंकलं, आणि हातातला पेला हिंदकळून कॉफीचा एक ओघळ टायच्या गाठीपासून टोकापर्यंत सावकाश उतरत गेला. बाईंनी पर्समधले होते नव्हते तेवढे कागदी रुमाल पुढे केले, माफी मागितली, कामाची सवय हो, असं म्हणाल्या. गृहस्थांनी टाय पुसता पुसता जरा बिचकतच विचारलं, कसलं काम. मुलांना फुंकायला लावते, बाई म्हणाल्या. त्यानंतर ते गृहस्थ उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

बाईंना हसू आवरेना. तोंडावर ओढणी घेऊन त्या खुदुखुदु हसत राहिल्या, शेजारच्या मुलीला वाटलं असेल की यांना बरं नाही. पण हसू ओसरलं तशा त्या विचारात पडल्या. कारण कामाची सवय म्हणणं ही शुद्ध थाप होती. ज्या केंद्रात त्या जातात तिथे मुलांची फुप्फुसं आणि ती ज्या हवेत वाढतात ती हवा, या दोहोंचा अभ्यास चालतो, आणि मुलांना तिथे यंत्रात फुंकायला लावतात हेही खरं. पण फुंकायला लावतो तो भोंगा. भोंगा म्हणजे चाचणीच्या खोलीतला तंत्रज्ञ, दोन मुलांचा बाप, एरवी अगदी लाजाळू, पण मुलाच्या तोंडात नळी गेली की "अजून, अजून" करून छत डोक्यावर घेणारा. बाई पडल्या समन्वयक. समन्वयक म्हणजे काय, हे घरी अजून कुणालाही नीट उमगलेलं नाही. नवरा आल्यागेल्याला सांगतो की ही वाहतूक पोलीस आहे, गाड्या दुसऱ्यांच्या, शिट्टी हिची. त्याचं तसं चुकत नाही. मोठे डॉक्टर, हवा मोजणारे, आकडेवाला, घरोघर जाणाऱ्या मुली, शाळांचे मुख्याध्यापक आणि मुलांच्या आया, या सगळ्यांची एकमेकांशी गाठ घालून द्यायची. कुणाच्या भिंतीवरची हवा मोजायची पेटी उतरवायची राहिली, कुणाच्या पोराचा पुढचा दात पडला म्हणून त्याला नळी धरवत नाही, कोणते दोन विद्वान एकमेकांशी बोलत नाहीत, हे सगळं ध्यानात ठेवायचं. यात ओरडायला जागाच नाही. उलट आवाज जितका खाली, तितकं काम पुढे सरकतं. मग आज सकाळी हा आवाज आला कुठून, आणि आला तो इतका तयार, इतका घासूनपुसून ठेवल्यासारखा कसा आला, हे काही त्यांना कळेना.

आज भिंगरीचा दिवस होता, हे एक कारण असेल. भिंगरी ही अभ्यासातली एक मुलगी. खरं नाव वेगळं, पण फिरत्या खुर्चीवर बसवली की ती गरगर फिरल्याशिवाय राहत नाही, म्हणून आईनेच हे नाव पाडलेलं. या अभ्यासातली सगळी मुलं आईच्या पोटात असल्यापासून अभ्यासात आहेत. तेव्हा त्यांच्या घरात हवा मोजायची पेटी टांगली, मग बाळ घरी आल्यावर टांगली, रांगायला लागल्यावर टांगली, आणि मूल सात वर्षांचं झालं की ते पहिल्यांदा यंत्रात फुंकतं. छाती भरून श्वास घ्यायचा आणि तो पार तळापर्यंत, काही म्हणता काही उरणार नाही असा सोडायचा. सात वर्षं सगळे या एका श्वासाची वाट बघत असतात. भिंगरी दोनदा येऊन गेली होती आणि दोन्ही खेपांना तिचा श्वास धरला गेला नव्हता, कारण ती तळ गाठतच नव्हती, शेवटी शेवटी सोडून द्यायची. आजची खेप तिसरी, आणि केंद्राच्या नियमात चौथी नाही. मोजायला आलं नाही तर मूल श्वासाच्या मोजणीतून गळतं. अभ्यासाचं म्हणाल तर एक मूल गळल्याने काही आभाळ कोसळत नाही. पण भिंगरीच्या आईचं आभाळ त्या एका श्वासावर टेकलेलं होतं, आणि हे केंद्रात एकट्या बाईंना ठाऊक होतं.

कारण त्या घरातली पहिली पेटी बाईंनी स्वतः टांगली होती. तेव्हा केंद्र नवीन होतं, घरोघर जाणाऱ्या मुली नेमल्या जायच्या होत्या, शिडी, हातोडी, पेटी सगळं बाईंच्याच खांद्यावर. बसच्या डेपोला पाठ लावून असलेली एक खोली, वर पत्रा, एकच खिडकी, आणि ती उघडी ठेवली तर पहाटे गाड्या सुरू करून गरम करत ठेवतात त्याचा काळा धूर आत, बंद ठेवली तर जीव गुदमरतो. भिंगरीच्या आईने खोलीतली एकुलती एक खुर्ची बाईंना दिली आणि स्वतः पोट सावरत उभीच राहिली. बोलता बोलता तिने खिडकीची चौकट ओल्या फडक्याने पुसली, फडकं पिळलं, आणि बाई निघेपर्यंत तिथे पुन्हा बोट उमटेल इतकी काजळी बसली होती. पेटी उतरवून आणली तेव्हा तिच्यातले आकडे सगळ्या अभ्यासात वरचे ठरले. ते आकडे तेव्हा आईला सांगायचे नव्हते, कारण त्यांचा अर्थ काय हेच अजून कुणाला माहीत नव्हतं, आणि अर्थ नसलेली भीती गरोदर बाईच्या पदरात टाकून काय करायचं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं. ठरवणाऱ्यांत बाईही होत्या. पण भिंगरीच्या आईने आकडा विचारला नाही, तिने बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. पुढे ते लोक दुसरीकडे राहायला गेले, चांगलं मोकळं घर मिळालं, तरी दर भेटीला जाता जाता ती हळूच विचारते, ताई, आम्ही तेव्हाच खोली सोडायला हवी होती का हो. आणि बाई दर वेळी म्हणतात, बघू, सात वर्षांची होऊ दे.

बसमधून उतरून केंद्रापर्यंत चालायचं. हा रस्ता बाईंच्या नाकाला पाठ आहे. कोपऱ्यावर रंगवाल्याच्या दुकानाचा झोंबरा वास, मग रबरी चपलांच्या दुकानाचा गोडसर, मग शाळेची भिंत आणि तिला लागून उभी राहणारी, पालकांच्या इंजिन चालू ठेवलेल्या गाड्यांची रांग. या रांगेकडे बघून बाईंच्या मनात रोज चार शब्द येतात आणि रोज त्या ते गिळतात, कारण गेल्याच वर्षी त्यांनी एका गाडीच्या काचेवर टकटक करून इंजिन बंद करायला सांगितलं तर आतून मोठे डॉक्टरच निघाले, नातवाला सोडायला आलेले. शाळेच्या फाटकाशी एक पोर भिंतीला चिकटलेलं वाळकं पान फुंकून पाडायचा खटाटोप करत होतं. ते बघून बाईंचे पाय थांबले. अरे, असं झालं त्यांना. पान नव्हे, कागद. आणि पाडायचा नव्हे, पडू द्यायचा नाही.

बाई तेव्हा बाई नव्हत्या, गुडघ्यापर्यंतच्या फ्रॉकमधली एक घरघरती पोर होत्या. हवा बदलली की छातीत मांजर बसायचं, असं आई म्हणायची. पळायचं नाही, नाचायचं नाही, धुळीत जायचं नाही. दिवसभर त्या खिडकीत बसून खाली खेळणाऱ्या मुलांचे डाव आखून द्यायच्या, कोण कुठे उभं राहील, कुणावर राज्य. समन्वयाचं काम तेव्हापासूनचं म्हणा ना. वडील बँडमध्ये सगळ्यात मोठा भोंगा वाजवायचे, तो अंगाखांद्यावर गुंडाळून घ्यायचा पितळी अजगर, आणि शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून घरी सराव करताना त्याच्या तोंडात जुनी उशी कोंबायचे. डॉक्टर औषधं द्यायचे, आई शेक द्यायची, वडील म्हणाले, मी हिला वाजवायला शिकवतो, वाद्याशिवाय. वर्तमानपत्राचा नखाएवढा कपटा फाडून त्यांनी तिच्या नाकासमोर भिंतीला लावला आणि सांगितलं, मी बोट काढतो, तू फुंकून धरून ठेव. कपटा पडायचा. पुन्हा लावायचा. ते भिंतीला टेकून शेजारी उकिडवे बसायचे आणि अगदी हळू, उशी कोंबलेल्या आवाजात म्हणत राहायचे, अजून, अजून, अजून, सोडू नकोस. वाक्य त्यांचंच होतं तर. भोंग्याला ते बाईंनी शिकवलं असणार, केंद्र नवं असताना, आणि भोंग्याने ते आपल्या आवाजात घेतलं, आणि मग बाई विसरून गेल्या की आपण काय कुणाला दिलं. रस्त्यात उभ्या राहून त्यांना एकदम वडिलांची फार आठवण आली, आणि आश्चर्य म्हणजे त्यात दुःख नव्हतंच फारसं. बाप सकाळी सकाळी बसमध्ये भेटून, एका परक्या माणसाच्या टायवर कॉफी सांडून गेला होता. शोभेल त्यांना, असं मनात म्हणत बाई जिना चढल्या.

वर आकडेवाला त्यांची वाटच बघत होता. त्याने भिंगरीच्या आधीच्या दोन्ही खेपांच्या रेघा पडद्यावर एकावर एक ठेवल्या होत्या. श्वास सोडला की रेघ वर चढते, मग दम सरत जातो तशी आडवी होत होत निजते. भिंगरीच्या रेघा निजत नव्हत्या. छान चढायच्या, वळायच्या आणि मध्येच कात्रीने कापल्यासारख्या तुटायच्या, सगळ्याच्या सगळ्या एका जागी. मोठे डॉक्टर चहाचा कप घेऊन मागे उभे होते. त्यांचं म्हणणं, मुलगी घाबरून घसा आवळते, नाहीतर दमच पुरत नाही. आणि आजही असंच झालं तर आईला काय सांगायचं ते समन्वयक बघतीलच. समन्वयक बघतीलच हे त्यांचं आवडतं वाक्य. बाई मात्र त्या रेघांकडे बघत राहिल्या. आपल्याला काहीतरी दिसतंय आणि कळत नाहीये, असं त्यांना वाटत राहिलं, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधताना वाटतं तसं.

भिंगरी आणि आई बाहेर बाकावर बसल्या होत्या. भिंगरी पाय हलवत होती, आईचे पाय जमिनीला रोवलेले. ठेवणीतली साडी नेसून आली होती, निकाल ऐकायला यावं तशी. बाई शेजारी बसल्या तर ती म्हणाली की घरी वाढदिवसाचे फुगे आणून सराव करून घेतला, फुगा फुगवते, पण शेवटी तोंड काढते. बहुतेक नाहीच पुरत हो तिला. हे म्हणताना तिने मुलीच्या कानावर जाऊ नये म्हणून आवाज इतका खाली आणला की बाईंनाही ते ओठांवरूनच कळलं. बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला, त्या चांगल्या हेतूने केलेल्या गप्पपणाचा, आणि बघू, बघू म्हणत काढलेल्या इतक्या वर्षांचा.

चाचणीच्या खोलीत बाई सहसा जात नाहीत. आज आत जाऊन दाराशी उभ्या राहिल्या, आणि काचेपलीकडे आई. भिंगरीने खुर्चीची एक गिरकी मारून घेतली, भोंग्याने नाकाला चिमटा लावला, नळी तोंडात दिली. समोरच्या पडद्यावर चित्र लागलं. हे चित्र मुलांना फुंकताना गंमत वाटावी म्हणून असतं. घराची एक खिडकी, खिडकीत मेणबत्त्यांची ओळ, मूल जसजसं फुंकत जाईल तसतशी एक एक विझत जाते, आणि वया-उंचीच्या मानाने पुरा श्वास बाहेर पडला की शेवटची. आधी तिथे फुटणारा फुगा होता, त्याला मुलं दचकायची, म्हणून बाईंनीच या वर्षी मेणबत्त्या काढून घेतल्या होत्या एका चित्रकाराकडून. भोंग्याने गर्जना सुरू केली. मेणबत्त्या विझत गेल्या, फटाफट, झोकात, भोंगा खुर्चीतून अर्धा उठला, काचेपलीकडे आईचे गाल नकळत फुगले, आणि एकच मेणबत्ती राहिली असताना भिंगरी थांबली. नळी तोंडातून काढून ती तत्काळ, एका दमात भोंग्याला सांगू लागली की तिचा इकडचा दात हलतोय आणि तो पडला की ती तो डबीत ठेवणार आहे आणि शेजारच्या दादाचा दात चक्क बिस्किटात अडकून आला होता.

श्वास संपलेलं मूल बोलत नाही. ते आ वासतं, पाण्यातून वर आल्यासारखं हवा ओढतं. बाईंना हे आतून माहीत होतं, त्यांचं सगळं लहानपण तसं गेलं होतं. आणि त्याच क्षणी त्यांना पडद्यावरच्या कापलेल्या रेघा कळल्या. बँडच्या मैदानावर वडील शेवटचा सूर धरायचे तेव्हा पुढच्या रांगेतले कुणी कुणी घसरायचे, सूर थरथरायचा, विझायचा; वडिलांचा सूर मात्र पेला टेबलावर ठेवावा तसा ठेवला जायचा. घरी आल्यावर ते सांगायचे की सूर दम लागून पडला तर कुठेही पडतो, रोज नव्या जागी, पण पाहिजे तिथे नेऊन ठेवायचा तर छातीत शिल्लक लागते. भिंगरीच्या रेघा सगळ्या एका जागी तुटत होत्या. पोरगी श्वास टाकत नव्हती, ठेवत होती. बाई पुढे गेल्या, खुर्चीपाशी खाली बसल्या, आणि इतके दिवस एवढ्या शिकलेल्या माणसांपैकी कुणालाच न सुचलेला प्रश्न त्यांनी विचारला.

"शेवटची मेणबत्ती का ठेवतेस गं?"

"मांजर आहे ना," भिंगरी म्हणाली. बाईंना एवढंही समजू नये याचं तिला नवल वाटलेलं दिसलं. "पहिल्या दिवशी मी सगळ्या विझवल्या होत्या, मोजायला लागायच्या आधी, नुसतं करून बघताना. मग एकदम काळोख झाला आणि मांजर गेलंच. ते काळोखात एकटं आहे."

बाईंनी वळून पडद्याकडे बघितलं. खिडकीच्या कोपऱ्यात, मेणबत्त्यांच्या मागे, खरंच एक मांजर बसलं होतं, करड्या रंगाचं, शेपटी पंजांवर गुंडाळून. चित्रकाराने फोन करून विचारलं होतं, मॅडम, खिडकी जरा ओकीबोकी वाटते, मांजर घालू का. आणि बाई तेव्हा दोन विद्वानांचं भांडण मिटवत होत्या, म्हणाल्या होत्या, घाला की, मुलांना घरच्यासारखं वाटेल. वाटलं ना घरच्यासारखं. मोठे डॉक्टर घसा तपासत बसले, आकडेवाला रेघा रचत बसला, मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या केंद्रातल्या तज्ज्ञांनी भीती नावाचं एक पानभर टिपण दिलं, आणि इकडे ही सात वर्षांची मुलगी तोंडात नळी धरून एका मांजराची सोय बघत होती. भोंगा कानापर्यंत लाल झाला होता. पडदाच बंद करतो म्हणाला. भिंगरीने जोरजोरात मान हलवली, पडदा बंद केला तर मग आधीपासूनच काळोख.

बाईंनी पर्समधून फोन काढला, त्याची बॅटरी लावली आणि पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ जाऊन उजेड नेमका मांजरावर धरला. सगळ्या विझल्या तरी ही विझणार नाही, असं सांगितलं. भिंगरीने बॅटरी एकदा त्यांच्याकडून बंद करवून घेतली, पुन्हा लाववून घेतली, हात हलत नाही ना ते पाहिलं, आणि खात्री पटल्यावर नळी तोंडात धरली. भोंगा ओरडायला विसरला. मग त्याच्या जागी, तिथेच पडद्याशी वाकून, मान अवघडलेली असताना बाई बोलू लागल्या, मोठ्याने नव्हे, उशी कोंबलेल्या आवाजात, अजून, अजून, अजून, सोडू नकोस. मेणबत्त्या गेल्या. शेवटची वाकली, बारीक झाली, गेली. खिडकी काळी झाली, पण मांजर बसलं होतं त्या जागेवर उजेडाचं वर्तुळ तसंच होतं. भिंगरी तरीही फुंकतच होती, चेहरा लालबुंद, आणि यंत्रावरची रेघ आडवी होत होत शांत निजली. तिने मग तसं पुन्हा केलं, आणि पुन्हा केलं, बाईंची मान धरेपर्यंत.

मोठ्या डॉक्टरांनी रेघा बघितल्या, चष्मा काढून पुन्हा बघितल्या, आणि म्हणाले की ठणठणीत आहे, हिला बँडमध्ये घाला. त्यांना बाईंच्या वडिलांचं काही माहीत नव्हतं, सहज म्हणाले. बाईंना बाहेर जाऊन ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण त्या इतकी वर्षं या कामात होत्या. एक मूल म्हणजे अभ्यास नव्हे. त्याच डेपोमागच्या गल्लीतल्या दुसऱ्या दोन मुलांच्या रेघा बुटक्या आल्या होत्या, त्यांच्यासाठी पुढे बरंच काही करायचं होतं. आई दारातच उभी होती. तिने मुलीचा घामेजलेला चेहरा पदराने पुसला आणि विचारलं, म्हणजे त्या खोलीने काही केलं नाही का. बाई बघू म्हणाल्या नाहीत.

"खोली वाईटच होती. सगळ्यांत वाईट आकडा तिचा होता, आणि मी तो तेव्हा तुम्हाला सांगितला नाही. पण हिचा श्वास भरपूर आहे. आणि तुमचं काही चुकलं नव्हतं, ताई. धूर तुम्ही सोडत नव्हता, तुम्ही पुसत होता."

आई भिंतीला टेकली आणि तिने एक श्वास सोडला, तो इतका लांब, इतका तळापासून की भोंग्याची नजर सवयीने यंत्राकडे गेली. मग ती रडली थोडी, हसली थोडी, दोन्ही एकदमच.

हे सगळं मोठ्यांचं चाललं असताना भिंगरी खुर्चीतून उतरली होती. तिने नळी ठेवायच्या डब्यातून नवी कोरी नळी निवडली, यंत्राला लावली, आणि रिकाम्या खुर्चीवर थाप मारली. आता मावशींची पाळी. बाई म्हणाल्या, नको गं, हे मुलांसाठी असतं. केंद्र सुरू झाल्यापासून हेच म्हणत आल्या होत्या. नवीन यंत्र आलं की सगळे हौसेने फुंकून बघायचे, मोठे डॉक्टरसुद्धा, आणि नेमका तेव्हाच बाईंना कुणाचातरी फोन यायचा. हजारो मुलांचे श्वास त्यांच्या हाताखालून गेले, आपला किती आहे हे त्यांना कळून घ्यायचं नव्हतं. छातीतलं ते जुनं मांजर झोपलंय तोवर झोपू दे. पण भिंगरी थाप मारतच राहिली, आई ओल्या डोळ्यांनी बघत होती, आणि सकाळपासून वडील कुठेतरी जवळपासच उकिडवे बसले होते. बाई बसल्या. भोंग्याने घाबरत घाबरत त्यांच्या नाकाला चिमटा लावला. भिंगरी फोन घेऊन पडद्याशी उभी राहिली आणि दोन्ही हातांनी उजेड मांजरावर धरला.

बाईंनी छाती भरली. नाकासमोर भिंत आली, भिंतीवर कागदाचा कपटा आला. त्यांनी सोडला श्वास, आणि पहिल्या मेणबत्त्या बऱ्या गेल्या, मग सावकाश, मग एक एक जड व्हायला लागली. छातीच्या तळाशी ती ओळखीची बारीक शिट्टी वाजली. भिंगरी जिवाच्या आकांताने ओरडत होती, अजून, अजून, अजून, मावशी, सोडू नका. आई ओरडत होती. भोंगा ओरडत होता. बाईंना हसू यायला लागलं आणि हसायला हवाच नव्हती. त्यांनी उरलंसुरलं सगळं दिलं, खरंच काही शिल्लक ठेवलं नाही, आणि आ वासून मागे रेलल्या.

डोळे उघडले तर एक मेणबत्ती जळत होती. लहानशी, सरळ. भोंगा उगाच यंत्राची वायर सारखी करू लागला. भिंगरीने मेणबत्तीकडे बघितलं, मांजराकडे बघितलं, मग धापा टाकणाऱ्या बाईंकडे बघितलं.

"असू दे," ती म्हणाली. "एक त्याला लागतेच."

आणि बॅटरी बंद करून तिने फोन बाईंच्या हातात दिला.